बॉनेटखालचा काळा रंग

इंजिन तापतं, म्हणजे रंगही हाय-टेम्परेचरच हवा. एवढ्या साध्या लॉजिकवर मी महागातला स्प्रे कॅन आणला आणि वॅगनआरच्या एअर फिल्टरचं झाकण गच्चीवर रंगवलं. दिसत होतं झकास. दोन दिवसांनी नखाने सहज खरवडलं, तर सापाच्या कातेसारखा अख्खा पापुद्रा हातात आला.

बाबा शेजारी खुर्चीत बसून बघत होते. हसले. आजारपणानंतर हसताना त्यांच्या ओठांची डावी बाजूच वर जाते.

"धुतलं होतंस?"

"पुसलं होतं."

"मग बरोबर आहे."

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होते. लहानपणी मला वाटायचं, ते दिवसभर रंग मारतात. खरं तर तिथे लोखंडाचा पार्ट आधी सात टाक्यांमधून जायचा. तेल काढायचं, धुवायचं, गंज काढायचा, परत धुवायचं... रंग सगळ्यात शेवटी. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला आणि २००९ची आमची गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी राहिली. विकायचं मी ठरवलं. बॉनेटखालचं प्लास्टिक राखाडी पडलं होतं. काळं केलं तर दहा-पंधरा हजार जास्त येतील, हा माझा हिशोब.

"उलटं कर," बाबा म्हणाले. झाकणाच्या आत बारीक अक्षरं होती: पीपी. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते ज्या खुर्चीत बसले होते तीही त्याचीच. त्याला रंग धरतच नाही, म्हणून आधी प्लास्टिकसाठीचा प्रायमर लागतो. शिवाय माझा हाय-टेम्परेचर रंग पूर्ण पक्का व्हायला साधारण २०० अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि पॉलिप्रॉपिलीन १६०-१६५ला वितळतं. रंग भाजायचा तर झाकण जाणार. फिल्टरचा डबा सायलेन्सरच्या पाइपपासून लांब असतो, तिथे साधा ॲक्रिलिक काळा पुरतो.

मग माझ्या सात टाक्या सुरू झाल्या. भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. ऊन. चकाकी पूर्ण जाईपर्यंत करड्या स्कॉचब्राइटने घासणं. मागे कधीतरी मी टायर पॉलिश चोपडलं होतं. त्यातलं सिलिकॉन राहिलं, तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात. म्हणून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल.

अल्कोहोलचं फडकं घेऊन मी झाकणाच्या आतल्या बाजूला वळले, तेवढ्यात बाबा ओरडले, "तिथे नको!"

आत मार्करने लिहिलेली यादी होती. तारीख, किलोमीटर, तारीख, किलोमीटर. प्रत्येक वेळी फिल्टर बदलल्याची नोंद, बाबांच्या ठसठशीत उजव्या हाताची. एका फटक्यात पुसली गेली असती.

"आतून रंगवायचं नसतं," ते म्हणाले. "पापुद्रा सुटला तर इंजिन ओढून घेतं." एवढंच कारण दिलं. मी कडेने मास्किंग टेप लावली.

प्रायमरनंतर काळ्याचे तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. "पहिला हात अर्धवटच दिसला पाहिजे." माझा कॅन कडेला थांबायचा आणि ओघळ यायचा. शेवटी बाबांनी कॅन डाव्या हातात घेतला आणि नॉझल न दाबता हवेतच फिरवून दाखवला. पार्टच्या आधी सुरू, पार्टच्या पुढे बंद. बोटं थरथरत होती. पण खांद्यापासूनचा तो फेर सरळ रेषेत गेला.

या वेळी नखाने रंग निघाला नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. त्याने बॉनेट उघडलं आणि कपाळावर आठ्या. "नवीन रंग मारलाय? काय लपवलंय?"

मी क्लिपा काढून झाकण उलटं केलं. तो यादी वाचत खालपर्यंत गेला.

"शेवटची नोंद वेगळ्या अक्षरात आहे."

"माझी आहे. मागच्या आठवड्यात फिल्टर बदलला."

त्याने मान डोलावली, विचार करून कळवतो म्हणाला. वर गॅलरीत बाबा उभे होते.

त्याचा फोन अजून आलेला नाही. मीही केलेला नाही.