उंबरठ्यावरची जकात

मांजराला माणसांचा लळा नसतो, घराचा असतो, असें आपल्याकडे म्हणतात. म्हणणाराच्या सुरांत बहुधा मांजराची निंदा असते आणि कुत्र्याची स्तुति. मला मात्र या वाक्यांत निंदेसारखें कांहीं दिसत नाहीं. घराचा लळा म्हणजे तरी काय? भिंती, कौलें आणि वासे यांच्यावर का कोणी जीव लावतें? वर्षानुवर्षें एकाच चुलीचा धूर, एकाच माणसाच्या हाताचा वास, ठरलेल्या वेळीं वाजणारी ठरलेली कडी, यांचें मिळून जें होतें त्याला मांजर घर समजतें. आणि खरें बोलायचें तर आपणही त्यालाच घर समजतों.

आमची मनी या बाबतींत पुरावा म्हणून उभी करण्यासारखी आहे. घाटघरच्या आमच्या घरांत ती अकरा वर्षें आहे. मूळची ती आईची. आईला जाऊन दोन वर्षें झालीं. पण माजघरांतल्या कोपऱ्यांत आईची जी गोधडी आहे, तिच्यावरचा आपला हक्क मनीनें सोडलेला नाहीं. जुन्या लुगड्यांची, आईनें स्वतः टांके घातलेली ती गोधडी आम्हीं या दोन वर्षांत धुतली नाहीं. मनीसाठीं धुतली नाहीं, असें आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगतों, आणि मनी तें नाकारीत नाहीं.

अशा या घरांत गेल्या आषाढांत एक पिलूं आलें. बाहेर पाऊस असा, कीं समोरचा जीवधन चार दिवस दिसला नव्हता. पिलाचा जन्म शेजारच्या गोठ्याच्या माळ्यावर झालेला. त्याची आई एके रात्रीं बाहेर गेली ती परतली नाहीं. जुन्नर तालुक्यांत अशा वेळीं बिबट्याचें नांव घ्यावेंच लागतें असें नाहीं. शेजारच्या आजींनीं तें पदरांत गुंडाळून आणलें आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्याकडं मनी हाय, तिच्या सोबतीनं ह्ये बी जगंल.” पदर सैल होतांच पिलूं धान्याच्या कोठीमागें शिरलें, आणि कोठीवर बसलेल्या मनीनें अंग फुगवून फुत्कार टाकला. ‘सोबत’ या शब्दाचा आजींचा अर्थ दोघींनाही मान्य नव्हता, एवढें त्यावरून स्पष्ट झालें.

ती रात्र आणि दुसरा सबंध दिवस पिलानें कशालाही तोंड लाविलें नाहीं. अडीच महिन्यांच्या जिवाला, तेंही अशा गारठ्यांत, उपास सोसत नाहीं. इकडे मनीही जेवेना. ती ओसरीवरच्या ओल्या लांकडांवर जाऊन बसली, आणि बोलावूनही आंत येईना. एकाला वांचवावें तर दुसरी घर सोडून जाईल, अशी स्थिति झाली. आणि अकराव्या वर्षीं घर सोडलेली मांजरी त्या पावसांत, रानाच्या कडेला, किती दिवस काढील हें कोणी सांगायला नको होतें.

दोन अनोळखी जीव एकत्र आले म्हणजे आपल्यांतल्या सज्जनांना प्रथम सुचतें तें ओळख करून देणें. दरवर्षीं कॉलेज सुरू झालें, कीं घाटावरच्या वाड्यावस्त्यांतून आलेलीं मुलें वर्गांत शेवटच्या बांकावर बसतात, आणि कोणी तरी उत्साही प्राध्यापक त्यांना उभें करून स्वतःविषयीं चार शब्द बोलायला लावतो. त्या चार शब्दांनीं त्यांची ओळख कोणालाच होत नाहीं. त्यांची मान मात्र आणखी खालीं जाते. ओळख करून देतां येत नाहीं. ती होईपर्यंत दोन्ही पक्षांना सांभाळतां येतें, एवढेंच.

हें शहाणपण आमच्या गांवाच्या वाटेवरच कोरलेलें आहे. घाटघर हें नाणेघाटाच्या माथ्याजवळचें गांव. दोन हजार वर्षांपूर्वीं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेनें जुन्नरला चढत असे. घाटाच्या तोंडाशीं एक दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें परंपरेनें सांगतात. जवळच पाण्याचीं टांकीं आहेत, आणि नागनिकेच्या लेखामुळें प्रसिद्ध झालेलें लेणें आहे. चढून आलेल्या पांथस्थानें तेथें थांबावें, जकात भरावी, पाणी प्यावें, अंग टेकावें, आणि मग जुन्नरची वाट धरावी. अशा थांब्यांत येणाऱ्याला विसांवा मिळतो आणि असणाऱ्याचा हक्कही राहतो.

म्हणून पडवीलगतची लहान खोली हा आम्हीं पिलाचा थांबा ठरविला. दाराला कडी, खोका आडवा घालून केलेली गुहा, त्यांत एक मऊ फडकें, पाण्याची वाटी, आणि दूरच्या कोपऱ्यांत राखमातीची पाटी. मनीला तिचें माजघर, तिची कोठी आणि तिची गोधडी परत मिळाली. दोघींचें जेवण बंद दाराच्या दोन बाजूंना. प्रथम दारापासून दूर, मग रोज वीतभर जवळ. दूध दिलें नाहीं, कारण गाईच्या दुधानें पिलांचें पोट बिघडतें. अंडें उकडून, कुस्करून ठेवलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तें जसेंच्या तसें होतें.

मांजराचा व्यवहार नाकावर चालतो. त्याच्या गालांजवळ आणि कपाळावर ग्रंथि असतात. दाराच्या चौकटीला किंवा आपल्या पायांना तें गाल घांसतें, तेव्हां आपण त्याला लाडीगोडी म्हणतों. वस्तुतः तें आपली मुद्रा उमटवीत असतें. सलोख्यानें एकत्र राहणारीं मांजरें परस्परांना अंग घांसून सर्वांचा मिळून एक वास करतात. ज्याच्या अंगाला तो वास नाहीं तो परका. म्हणजे येथली जकात भरायची ती वासाच्या नाण्यांत. पिलाच्या खोक्यांतलें फडकें मनीच्या ताटलीजवळ ठेवणें सोपें होतें. पण मनीचा वास पिलाकडे कसा न्यावा? पत्नी म्हणाली, “अहो, मनीचा खरा वास आहे तो आईंच्या गोधडीलाच. तिच्या आंतला एक थर काढूं का?”

मीं लगेच उत्तर दिलें नाहीं. नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजकुळांतल्या व्यक्तींच्या मूर्ति होत्या. त्या भंगून गेल्या. वरचीं नांवें आणि पायांचे अवशेष तेवढे उरले. गेलेल्या माणसाचें जें थोडें उरतें, त्याला हात लावायला मन धजत नाहीं. पण ती गोधडी आईनें थंडीसाठीं शिवली होती, आठवणीसाठीं नव्हे. मीं मान हलविली. पत्नीनें कडेचे टांके उसवून हिरव्या लुगड्याचा एक तुकडा काढला, आणि टांके पुन्हा घातले.

त्या दुपारीं खोक्यांत तें लुगडें होतें, आणि त्याच्यावर, पाय पोटाशीं घेऊन, पिलूं झोंपलें होतें. शेजारची, भिजवून उकडलेल्या सुकटीची वाटी रिकामी होती. पत्नीनें तेव्हांच त्याचें नांव सुकी ठेविलें. ती लुगड्यानें बाहेर आली कीं सुकटीनें, हा वाद आमच्या घरांत अद्याप मिटलेला नाहीं.

माणसाचें भय मात्र निराळें होतें. मांजर आणि माणूस यांची ओळख जुनी आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत माणसाशेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें. तो शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. पण ही पिढीजात ओळख पिलाच्या उपयोगीं पडत नाहीं. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत माणसाचा हात अंगावरून फिरला, तर तें माणसाला आपलें म्हणतें. एरवीं तो सगळा प्रवास त्याला नव्यानें करावा लागतो. सुकीचे ते आठवडे माळ्यावरच्या अंधारांत गेले होते.

रोज संध्याकाळीं मी त्या खोलींत जमिनीवर बसून उत्तरपत्रिका तपाशीत असें. सुकीकडे रोखून पाहत नसें, कारण टक लावणें मांजराच्या भाषेंत धमकी ठरतें. डोळे सावकाश मिटून पुन्हा उघडणें ही मात्र सलगी. ससेक्स विद्यापीठांतल्या संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें, कीं माणसानें असे डोळे मिटले तर मांजरेंही मिटतात, आणि अनोळखी माणसाकडेही अधिक मोकळेपणानें येतात. मांजर डोळे मिटून दूध पितें, ही म्हण आपण चोरट्याला उद्देशून वापरतों. पण ज्याच्यासमोर डोळे मिटायचे त्याच्यावर विश्वास असावा लागतो. सुकीनें माझ्यासमोर प्रथम डोळे मिटले ते बाराव्या दिवशीं. हात लावूं दिला तो त्यानंतर आठवड्यानें.

मग एके दिवशीं मधलें दार वीतभर उघडलें. मनी फुत्कारली. आम्ही तिच्यावर रागावलों नाहीं. फुत्कार म्हणजे भांडण नव्हे, भांडण टाळण्याची ती भाषा आहे. सुकीनें अंग जमिनीला टेकविलें आणि नजर वळविली. दार पुन्हा लावलें. दुसऱ्या दिवशीं तें थोडें अधिक वेळ उघडें राहिलें, तिसऱ्या दिवशीं त्याहून अधिक. आणि भातें पोटरींत आलीं तोंवर त्या दाराची कडी आम्ही विसरून गेलों.

आज दोघी एकमेकींना बिलगून झोंपत नाहींत. सकाळीं ओसरीवर उन्हाचा जो चौकोन पडतो, त्यांत दोघी बसतात. मध्यें हातभर अंतर असतें. पाहुणे विचारतात, “अजून मैत्री झाली नाहीं वाटतें?” एका छपराखालीं राहायला मैत्री लागतेच असें नाहीं, दुसऱ्याची जागा ठाऊक असली आणि आपली जागा जाणार नाहीं याची खात्री असली, कीं पुष्कळ झालें. मनी पोटभर जेवते, सुकी जेवते, आणि रात्रीं दोघी घरांत असतात.

थंडी पडूं लागली तेव्हां पत्नीनें हिरव्या लुगड्याचा तो तुकडा पुन्हा गोधडींत घातला. तिला आतां सुकीचाही वास लागला आहे. त्यामुळें पहिला वास गेला, असें मला वाटत नाहीं. मनीलाही तसें वाटत नसावें. ती अजून तेथेंच झोंपते.