पाकीट नंदुरबारात अडकलं!

शहाद्याहून नंदुरबारला जाताना प्रकाशाजवळ एसटी तापीच्या पुलावर येते. खाली नदीचं रुंद पात्र, काठावर देवळं. म्हातारी माणसं बसल्या जागी हात जोडतात. गेल्या जूनमध्ये मी मात्र बाहेर पाहिलंच नाही. मोबाइलवरचा एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचत होतो : नंदुरबार.

त्याचं असं झालं. माझ्या वर्गातली एक मुलगी पाचवीसाठी धडगावच्या वसतिगृहात जाणार होती. तिचा शाळा सोडल्याचा दाखला मी स्पीड पोस्टानं पाठवला. प्रवेशाची मुदत शनिवारपर्यंत. बुधवार उजाडला तरी दाखला पोचेना. पावतीवरचा क्रमांक मोबाइलवर टाकून पाहिला, तर पाकीट नंदुरबारात! पावती नीट वाचली आणि कपाळावर हात मारला. धडगावचा पिन ४२५४१४. मी हाताच्या सवयीनं ४२५४१२ लिहिला होता. तो नंदुरबारचा!

हा पिनकोड आपल्याच मराठी माणसानं दिलेला, बरं का. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवीसुद्धा. त्यांची ही योजना १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. पिनचे पहिले तीन अंक टपाल कुठल्या भागात वर्गवारीला जाईल ते सांगतात. गंमत बघा, १ जुलै १९९८ला धुळ्यातून फुटून आपला जिल्हा झाला. पण धुळे शहराचा पिन ४२४नं सुरू होतो आणि आपला जळगावसारखा ४२५नं. टपालाचा नकाशा वेगळाच असतो!

पण पिनमध्ये एक उणीव आहे. एक अंक चुकला तरी तो दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा खराखुरा पिन निघू शकतो. पाकिटावरच्या बारकोडचं तसं नाही. त्या काळ्या उभ्या रेषांत तेरा खुणांचा क्रमांक असतो : आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी भारताची आय आणि एन ही अक्षरं. नववा अंक पहारेकरी. वही घ्या. समजा पहिले आठ अंक १२३४५६७८ आहेत. त्यांना क्रमानं ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणा आणि बेरीज करा. २०४ आली ना? ११नं भागा, बाकी ६. ११तून ६ गेले, उरले ५. हाच नववा अंक! (वजाबाकी १० आली तर ० लिहायचा, ११ आली तर ५.) एखादा अंक चुकला की बहुतेक वेळा हिशेब जुळत नाही आणि चूक तिथंच पकडली जाते.

असाच पहारेकरी आधारच्या बारा अंकांच्या शेवटी बसलेला असतो. देशातलं पहिलं आधार आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१०ला. अमेरिकेत तर कंपन्यांच्या गठ्ठ्यानं जाणाऱ्या पत्रांवर २०१३पासून जुन्या रेषा जाऊन नव्या ६५ रेषा आल्या. काही उंच, काही बुटक्या. त्यांतच पत्ताही आणि पत्राचा मागही.

असो. नंदुरबारच्या पोस्टातल्या काकांनी पाकीट शोधलं, पिन दुरुस्त केला. "उद्याच्या थैलीत जाईल गुरुजी," म्हणाले. माझा जीव काही राहीना. शुक्रवारी सकाळी मीच तळोद्याहून चांदसैली घाटानं धडगावला निघालो. पहिल्या पावसानं सातपुडा हिरवा झालेला, वळणावळणावर दगडमाती रस्त्यात आलेली. घाटात मोबाइलला रेंज नाही, म्हणजे पाकीट पुढे आहे की मागे, कळायला मार्ग नाही.

वसतिगृहाच्या दारात ती उभीच होती, बापाचा हात धरून. बाप पावरी बोलीत काहीतरी विचारत होता, ती मान हलवत होती. बारा वाजून गेले. मग पोस्टमनदादा आले, मोबाइल रेषांवर धरला, 'टुंग' झालं. तिनं पडद्यावर बोटानं सही केली, पूर्ण नावाची, अगदी सावकाश.

मग पाकीट उलटसुलट करून पत्ता वाचला आणि म्हणाली, "गुरुजी, शुद्धलेखनाला तुम्ही आमचे गुण कापता ना?"