वही शेवटून भरायची

पानाच्या अगदी तळाशी मी पहिली ओळ लिहितो : रविवार, रात्री नऊ, सगळ्या गाड्या टेंभी नाक्यावर. मग तिच्यावर दुसरी, त्या दुसरीवर तिसरी. शनिवारी पहाटे पाचची ओळ सगळ्यात शेवटी येते, पानाच्या माथ्यावर. जीप घेऊन डोंगरात जाऊ लागलो तेव्हा मीही सगळ्यांसारखा निघायच्या वेळेपासून आखायचो. परतीचं मग जे व्हायचं ते होई.

उलट मोजणी अशी असते. ऑक्टोबर-अखेरीस आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण सह्याद्रीच्या धारेच्या पूर्वेला, इगतपुरी-अकोल्याच्या अंगाला, पाचलाच ऊन कड्यामागे जातं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, नव्या गाड्यांना तो सोयीचा. माझ्या जुन्या एमएम ५४०ला मात्र कसारा घाटच बरा, आणि रविवारी संध्याकाळी पडघ्यापासून भिवंडी बायपासपर्यंत काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको. म्हणून घोटीपासून नाक्यापर्यंत साडेतीन तास धरायचे. त्याआधी टायरमध्ये पुन्हा हवा भरायची. कच्च्या वाटेवर आम्ही बत्तीसवरून वीस पीएसआयपर्यंत हवा उतरवतो, कारण मऊ टायर दगडावर पसरतो, पकड धरतो आणि कमानींना लागणारे दणके कमी करतो. पण तशाच मऊ टायरवर हमरस्त्याला वेगात लागलं तर टायर तापून फुटण्याची भीती. सहा गाड्या, चोवीस टायर, दोन कंप्रेसर : पाऊण तास. म्हणजे पावणेपाचला सगळे डांबरावर हवेत. परतीची कच्ची वाट वजा केली की वहीत अधोरेखित केलेली एकच ओळ उरते : तीन वाजता, जिथे असू तिथून मागे फिरायचं.

ही ओळ अंगवळणी पडायला एक फसगत व्हावी लागली. त्या वर्षी आठ गाड्या होत्या. मी वाट एकट्याने आधी पाहून आलो होतो. एक ओढा, एक कातळाची चढण, पुन्हा ओढा. मला पाऊण तास लागला म्हणून मी गटासाठी दीड तास लिहिला. चूक तिथेच झाली. अवघड जागा एका वेळी एकच गाडी ओलांडते. खाली उतरून पाहणं, पुढच्याने हाताने खुणा करणं, फोर-लो टाकून सावकाश चढणं, यात गाडीमागे दहा मिनिटं सहज जातात. आठ गाड्यांची ऐंशी मिनिटं, आणि अशा तीन जागा. शेवटची गाडी दुसऱ्या ओढ्याजवळ दोन्ही आसांपर्यंत रुतली तेव्हा साडेपाच वाजले होते. ती चालवणारी वहिनी पहिल्यांदाच आली होती. अंधारात, हेडलाइटच्या उजेडात गाडी बाहेर काढताना कुणाला इजा झाली नाही, एवढंच. तिने तक्रार केली नाही. मला ते जास्त लागलं.

तेव्हापासून आखणी सर्वांत नवख्या चालकाची आणि सर्वांत बुटक्या गाडीची. पुढची गाडी वाट जाणणाऱ्याची, शेवटची अनुभवी माणसाची, नवखे मध्ये. प्रत्येकाने आरशात मागची गाडी सांभाळायची. वळणावर ती दिसेपर्यंत पुढे हलायचं नाही. एवढा एक नियम पाळला तर कुणी हरवत नाही, मोबाइलला रेंज असो वा नसो. दोर ताणला गेला की त्याच्या आसपास कुणी थांबायचं नाही, निदान दोराच्या दीडपट लांब. दोरावर जाड ओली गोधडी टाकायची, म्हणजे तुटला तरी चाबकासारखा उसळत नाही. डिझेल किलोमीटरवर धरायचं नाही, तासांवर धरायचं.

वाट ठरवायला नकाशा अर्धाच कामाला येतो. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. गेल्या वर्षीची वाट यंदा ओहोळ झालेली असते. म्हणून आठवडाभर आधी दोघांनी जाऊन पाहायचं आणि गावात विचारायचं. एका बाबांनी मला थांबवलं होतं, "वरून वाळलंय, पण खाली पाझर हाये. आमचे बैलबी तिथून जात नाहीत." मी काठी रोवून पाहिली. वर बोटभर कडक पापुद्रा, खाली लोणी. ज्यांचे बैल जात नाहीत तिथे आपली दीड टनाची गाडी घालायची नाही, हे तेव्हा कळलं.

आणि भाताचा बांध. ऑक्टोबरात खाचरात भात उभा असतो किंवा कापून पसरलेला. बांधावरून एक चाक गेलं तरी बांध खचतो, पुढच्या पावसात पाणी ठरत नाही. काही जण ओल्या सड्यावर गाडी गरगर फिरवतात, फोटोसाठी. त्या चाकोऱ्या वर्षानुवर्षं बुजत नाहीत. तिथली माती मुळातच दोन बोटं असते. मला याचा खरोखर राग येतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड तर अभयारण्य आहे. तिथे आम्ही डांबरावरून खाली चाक उतरवत नाही. कच्च्या वाटा त्याच्या हद्दीबाहेरच्या, गावाच्या वापरातल्या, गावाला विचारून. त्या गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

पहाटे जमण्याची जागा टेंभी नाका, कारण ठाण्याच्या कुठल्याही टोकाच्या माणसाला तो सांगावा लागत नाही आणि पाचला तिथे सहा गाड्या उभ्या राहू शकतात. फक्त नवरात्रात हे जमत नाही. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या देवीच्या उत्सवाचे ते दिवस; रात्रभर नाका माणसांनी भरलेला, रस्ते बंद. नवरात्र बऱ्याचदा नेमकं पाऊस ओसरून वाटा उघडतात तेव्हाच येतं. तेव्हा माजिवड्याला जमतो, आणि डब्यांत साबुदाण्याची खिचडी जास्त असते. वहीत उपवासवाल्यांची नावं वेगळी लिहावी लागतात, कारण उपाशी माणूस दुपारी दोनला चाकावर नीट बसत नाही.

रविवारी रात्री नाक्यावर पोचलो की मी उतरून वही बॉनेटवर ठेवतो. गाडी आली की तिच्या नावापुढे खूण करतो. चालक थकलेले असतात, घरी जायची घाई असते, तरी कुणी निघत नाही. गेल्या खेपेला पाच खुणा झाल्या होत्या. सहावी गाडी माजिवड्याच्या पुलाखाली अडकली होती. आम्ही चहा सांगितला आणि थांबलो.