मावशी, ती डबी आधी डॉक्टरांना दाखव

ती. कमलमावशीस,

डबीचा फोटो मिळाला. वर ठळक अक्षरांत ‘स्तनाच्या कर्करोगापासून संरक्षण, सूज कमी’. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत हळदीतल्या करक्यूमिनचा अर्क आणि मिरीतलं पायपरिन. ‘‘झाडपाल्याचंच आहे, अपाय कसला?’’ असं तू विचारतेस. फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

मावशी, तुला केमोत दिलेलं पॅक्लिटॅक्सेलही झाडाचंच. 1962 मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. तिच्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढून मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! पण त्यांच्या गावातही त्यांचं नाव किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. पुढे सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं, की हे द्रव्य पेशीतल्या सूक्ष्म नळ्या इतक्या घट्ट करतं की पेशीला दोन होताच येत नाही. तरी स्तनाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळायला 1994 साल उजाडलं. यू मुळात विषारी झाड. तुझे केस गेले, पायांची बोटं अजून बधिर आहेत, तो त्या सालीचाच प्रताप. मात्रा मोजून दिली, दर वेळी रक्त तपासलं, म्हणून ते तुला मानवलं.

आता करक्यूमिन. प्रयोगशाळेतल्या बशीत ते दाह भडकवणारे संदेश दाबतं, कर्करोगाच्या पेशींची वाढही रोखतं. खोटं नाही ते. पण त्या पेशी बहुधा ‘एमसीएफ-7’ वाणाच्या, 1970 मध्ये मिशिगनमधल्या एका रुग्ण बाईच्या छातीतल्या पाण्यातून घेतलेल्या. त्यांना ना पोट, ना यकृत. आपण गिळलेलं करक्यूमिन आतड्यातून फारसं आत जातच नाही, आणि जे जातं त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावतं. म्हणून तर डबीत मिरी घातली आहे.

खरी मेख त्या मिरीतच. पायपरिन यकृताच्या औषधं मोडण्याच्या कामात ढवळाढवळ करतं, आणि कर्करोग परतू नये म्हणून तू रोज घेतेस त्या टॅमॉक्सिफेनच्या गोळीचं एंडॉक्सिफेन, म्हणजे त्याचं जोरकस रूप, यकृतातच तयार होतं. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना करक्यूमिनसोबत पायपरिन दिलं, तेव्हा रक्तातलं एंडॉक्सिफेन उतरलं. अभ्यास लहान आहे, मान्य. पण वर्षानुवर्षांच्या पुराव्यावर उभी असलेली गोळी त्या डबीपायी पणाला लावणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. शिवाय हळदीच्या कॅप्सूलांनी यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत.

वरणातली, भाजीतली हळद खुशाल खा. तिच्यात करक्यूमिन शेकडा तीनच्या आसपास, तर अशा अर्कांत बहुधा 95.

पुढच्या तपासणीला ती डबी पर्समध्ये टाकून ने आणि डॉक्टरांसमोर ठेव. तोवर उघडू नकोस. आणि टॅमॉक्सिफेनचा एकही दिवस चुकवू नकोस.

तुझी,
वृंदा