शिवणींतली माया

बॅले नृत्य पाहणाऱ्याची दृष्टि प्रथम नर्तकीच्या पायांकडे जाते, आणि तेथून उठलीच तर जाळीच्या त्या आडव्या पसरलेल्या घेराकडे. मधला जो छातीपासून कंबरेच्या खालपर्यंतचा घट्ट भाग, ज्याला इंग्रज लोक बॉडिस म्हणतात, त्याकडे मुद्दाम कोणी पाहत नाहीं. आम्ही विद्यार्थिदशेंत लंडनमध्यें रंगभूमीचे वेष शिवण्याची विद्या शिकत होतों, तेव्हां एका सबंध सत्रांत आम्हांला ही एकच वस्तु करावयास लाविलें. दीड हात कापड, आणि त्यासाठीं तीन महिने! ही हकीकत घरीं कळविली तेव्हां उत्तर आलें, कीं आपल्या आळींतला शिंपी संध्याकाळपर्यंत चार चोळ्या शिवून देतो.

उत्तर खोटें नव्हतें. परंतु आपल्या खणाच्या चोळीला पुढें गांठ असते, आणि गांठ ही मोठी समजूतदार वस्तु आहे. शरीर आज जसें असेल तशी ती बसते. बॅलेच्या चोळीला (यापुढें आम्ही तिला चोळीच म्हणणार) ही मुभा नाहीं. ती पाठीमागें हुकांनीं बंद होते, आणि मग त्या बंदिस्त जागेंत नर्तकीनें उड्या मारावयाच्या, गिरक्या घ्यावयाच्या, जोडीदाराच्या हातांवर उचललें जावयाचें, आणि हें सर्व करितांना श्वासहि घ्यावयाचा.

श्वास घेतांना खालच्या बरगड्या दोहों बाजूंना फांकतात. म्हणून पुढचा मधला तुकडा उभ्या धाग्यावर कापावयाचा, म्हणजे तो ताणत नाहीं व रेषा ढळत नाहीं. आणि कुशीचे तुकडे उरेब, म्हणजे उभ्याआडव्या धाग्यांना तिरपे, कापावयाचे. कापडांत रबराचा एक धागाहि नसला, तरी तिरपें धरिलें असतां तें किंचित् ताणतें आणि पुन्हां आपल्या जागीं येतें. ही युक्ति बार्बारा कारिन्स्का हिच्या नांवाशीं जोडली जाते. १८८६ मध्यें खारकोव्ह येथें जन्मलेली ही बाई राज्यक्रांतीनंतर रशिया सोडून पॅरिस, लंडन व शेवटीं न्यूयॉर्क अशी फिरली, आणि जॉर्ज बॅलनशिन याच्या नृत्यांचे वेष तिनें अनेक वर्षें केले. १९४८ च्या ‘जोन ऑफ आर्क’ या चित्रपटासाठीं दुसऱ्या एका वेषकर्त्रीसह तिला ऑस्कर पारितोषिक मिळालें. १९८३ मध्यें ती वारली. पारितोषिकें मिळतात आणि विसरलीं जातात. आमच्या मतें तिची खरी थोरवी कुशीच्या त्या तिरप्या तुकड्यांतच शोधावी.

शिवण्याच्या क्रियेचें वर्णन करून आम्ही वाचकांना कंटाळा आणणार नाहीं. आधीं मांजरपाटाची कच्ची चोळी, ती अंगावर घालून दुरुस्त करावयाची, मग तिचे तुकडे उसवून त्यांवरून खरें कापड बेतावयाचें. आमच्या चोळीचे बारा तुकडे होते. वर सॅटिन आणि आंत जाड ड्रिल; हे दोन थर प्रथम धावदोऱ्यानें एकजीव करावयाचे. सॅटिनवर टांचणीचें भोंक कायमचें राहतें, म्हणून टांचणी शिवणीपलीकडे जातां कामा नये. जोडीदाराचे हात जेथें पडतात तेथें खडे किंवा टिकल्या लावावयाच्या नाहींत.

खरी विद्या मात्र अंगावर घालून पाहण्याच्या दिवशीं कळली. आमच्या शिक्षिका वृद्ध होत्या आणि फार कमी बोलत. त्यांनीं बजाविलें, “नर्तकीला ‘घट्ट होतें का?’ असें कधीं विचारूं नका. ती नाहींच म्हणणार.” आठव्या-नवव्या वर्षापासून दुखलेलें पाऊल लपवून हंसण्याचें शिक्षण ज्या मुलीला मिळालें, तिच्या तोंडच्या ‘ठीक आहे’ या शब्दांना किंमत ती किती? म्हणून तिला दोन्ही हात वर करावयास सांगावें, पाठीमागें वांकावयास सांगावें, सोळा उड्या मारावयास सांगाव्या, आणि मग धाप लागलेली असतांनाच एक लांब वाक्य बोलावयास सांगावें. वाक्य मध्येंच तुटलें तर चोळी घट्ट आहे.

आमच्या वांट्याला आलेल्या मुलीचें वाक्य तुटलें. बाईंनीं कुशीच्या शिवणी एकेक सूत सोडल्या आणि पुन्हां उड्या मारविल्या. वाक्य पुरें झालें. मुलगी आरशापुढें गेली, बराच वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, “आधींची बरी होती. ह्यांत मी जाड दिसतें.” एका सुतानें कोणी जाड दिसत नाहीं, हें आम्हांला दिसत होतें, तिला दिसत नव्हतें. बाईंनीं वाद घातला नाहीं; शिवणी मात्र पुन्हां आवळल्या नाहींत. परंतु अशा चोळीला हुकांसाठीं कड्यांच्या दोन-तीन रांगा असतात, आणि प्रयोगाच्या रात्रीं तिनें सर्वांत आंतली रांग लावून घेतली. पडद्याआडून आम्ही तिच्या पायांकडे पाहिलें नाहीं, पाठीकडे पाहत होतों.

शिवणीच्या आंत जें जादा कापड राखून ठेवितात, त्याला आपले शिंपी ‘माया’ म्हणतात. इतका सुंदर शब्द लंडनमध्यें आम्हांला कोणाजवळ आढळला नाहीं. बॅलेच्या चोळींत ही माया बरीच ठेवावी लागते, कारण एक वेष अनेक नर्तकींच्या अंगावर चढतो. डायगिलेव्हच्या मंडळीचे (१९०९ ते १९२९) कांहीं वेष आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहांत आहेत. त्यांतील कित्येकांच्या अस्तरावर नर्तकांचीं नांवें लिहिलेलीं आढळतात. शिवणाऱ्याचें नांव बहुधा कोठें नसतें, आणि याबद्दल आम्हांला खंत वाटत नाहीं.

विद्यालय सोडण्यापूर्वीं आम्ही वेषगृहांत जाऊन ती चोळी एकदां उलटी करून पाहिली. आंतल्या फितीवर दुसरें नांव आलें होतें, आणि डाव्या कुशींतली माया कोणीतरी अर्धा इंच सोडिली होती.