धाव संपल्यावर

निपाणीच्या पंचक्रोशीत यात्रा-उरुसांच्या निमित्ताने बैलगाड्यांप्रमाणे कुत्र्यांच्याही शर्यती भरतात. जिंकणाऱ्या कुत्र्याचे नाव पोरासोरांच्या तोंडी असते. पण त्याचे धावणे थांबल्यावर तो जातो कोठे, हे सहसा कोणी विचारीत नाही. तीन वर्षांपूर्वी असाच एक कुत्रा आमच्या घरी आला आणि हा प्रश्न मला टाळता येईना.

त्याचे नाव पवन. जात कारवानी; हिलाच मुधोळ हाउंड म्हणतात आणि आमचे कानडी शेजारी 'बेटे नायी', म्हणजे शिकारी कुत्रा, असे म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले. कुळाचा एवढा मान. परंतु मागचा पाय अधू होताच पवनची भाकरी त्याच्या मालकाला जड वाटू लागली. त्याने मागितले काहीच नाही. 'गुरुजी, घेऊन जावा,' एवढेच म्हणाला.

"अहो, शाळेतली पोरे कमी पडली म्हणून हा आणखी एक?" असे आमची सौभाग्यवती म्हणाली खरी, पण तव्यावरची पहिली भाकरी आज त्याची असते.

गोठ्याच्या कोपऱ्यात वाढलेल्या सात वर्षांच्या त्या जिवाला घर ठाऊकच नव्हते. सोप्याच्या चार पायऱ्यांपुढे तो थरथरत उभा राही. त्या चढावयास शिकण्यात पंधरवडा गेला. ही जात वासापेक्षा नजरेने शिकार धरते. मांजर पळाले की तो आजही ताठ होतो, म्हणून त्याला मोकळे सोडीत नाही. डोके मानेइतकेच अरुंद असल्याने साधा पट्टा निसटतो. त्याच्यासाठी रुंद पट्टा शिवून घेतला. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. म्हणून खाली जाड गोधडी आणि थंडीत पांघरूण हवेच. भूल देण्याची वेळ आल्यास पशुवैद्यांना जात आधी सांगावी लागते, कारण काही औषधांचा अंमल अशा चणीच्या कुत्र्यांवरून लवकर उतरत नाही. याला दिवसभर पळवावे लागत असेल, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळच्या फेरीवर तो संतुष्ट असतो. उरलेला बहुतेक वेळ झोपतो.

इंग्लंडात १९२६ साली मँचेस्टरला यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड धावू लागले. पुढे निवृत्त ग्रेहाउंडांना घरी नेण्याची रीतही तेथे रुजली. आपल्याकडे बेंदराला बैलाच्या पाठीवर झूल चढते, पुरणपोळीचा घास मिळतो. थकलेल्या शर्यतीच्या कुत्र्यासाठी मात्र असा एकही दिवस नाही.

दोन वर्षांनी मीही सेवानिवृत्त होईन. मला शाल, श्रीफळ आणि निवृत्तिवेतन मिळेल. कारण माणसांनी माणसांसाठी तशी व्यवस्था केली आहे. मुक्या जनावराला अर्ज करता येत नाही. ज्याच्या धावण्याला आपण टाळ्या वाजविल्या, त्याच्या निजण्याचीही सोय आपणच लावावी, एवढेच मला म्हणावयाचे आहे.