फुकट फेरीचा हिशोब

२०१५ साली मी कोथरूडला दोन मित्रांबरोबर फ्लॅटवर राहायचो. हापिस हिंजवडीला. त्या एका वर्षात मी जेवढं फुकट खाल्लं, तेवढं लहानपणी मामाकडे मे महिन्याच्या सुट्टीतही खाल्लं नसेल.

प्रकार असा, की दर पंधरवड्याला एखादं नवीन ॲप यायचं. पहिल्या ऑर्डरवर घसघशीत सूट. ही 'पहिली' ऑर्डर मोबाइल नंबरावर मोजतात हे कळल्यावर आम्ही अख्खं खानदान कामाला लावलं. आईचा नंबर, बाबांचा नंबर, साताऱ्याच्या आत्याचा नंबर. ओटीपीसाठी फोन केला की आत्या आधी पाच मिनिटं तब्येतीची चौकशी करायची, मग आकडे सांगायची. तिच्या नंबरावर आम्ही वेगवेगळ्या ॲपांवरून चार बिर्याण्या खाल्ल्या. आत्या शुद्ध शाकाहारी!

कुठला कोड कधी संपतो याची माझी एक्सेल शीट होती (इंजिनियर ना शेवटी). रिचार्जवर कॅशबॅक, त्यातून लाइट बिल, आणि हापिसला कॅब. ॲक्टिव्हा धूळ खात पडली म्हणून मी ती विकूनच टाकली.

पैसे कुणाचे, हे माहीत होतं. सॉफ्टबँकेनं ऑक्टोबर २०१४ मध्ये स्नॅपडीलमध्ये ६२.७ कोटी डॉलर घातले, त्याच महिन्यात ओलातही. गिऱ्हाइकाला सवय लागेपर्यंत तोटा सोसायचा आणि मग भाव वाढवायचे, असं ते गणित. आम्ही म्हणायचो, जपानी शेटजीचे पैसे आहेत, खाल्ले तर काय बिघडलं? नोव्हेंबर २०१५ मध्ये टायनीआउलनं माणसं कमी केली तेव्हा पुण्याच्या हापिसात पोरांनी एका संस्थापकालाच अडकवून ठेवलं. आम्ही बातमी वाचली, चुकचुकलो आणि दुसऱ्या ॲपवरून जेवण मागवलं.

याच काळात एक कॅबवाले दादा ओळखीचे झाले. जुन्नरकडचे. बायकोचे दागिने मोडून आणि कर्ज काढून गाडी घेतलेली. दिवसाला ठराविक फेऱ्या झाल्या की बोनस मिळायचा. एकदा मी फुकट कूपन होतं म्हणून डेपोपर्यंत, अगदी चालत जाण्याच्या अंतरावर, कॅब केली. मला लाज वाटत होती, पण ते खूश! "सर, फेरी मोजली जाते. बोलवत जा."

एअरपोर्टला जायचं असलं की मग मी त्यांनाच फोन करायचो. २०१७ मध्ये भेटले तेव्हा गाडीत उशी आणि चादर होती. बोनससाठी लागणाऱ्या फेऱ्या वाढल्या होत्या, रक्कम घटली होती, हप्ता तेवढाच. म्हणाले, "तुम्ही फुकट बसायचात तेव्हा मला परवडायचं. आता तुम्ही पैसे देता, पण मला परवडत नाही."

मी काय बोलणार? टिप दिली.

पुढच्या वर्षी त्यांचाच फोन आला. बँकेनं गाडी ओढून नेली होती. "तुमच्या कंपनीत ड्रायव्हर लागतो का बघा ना, सर." बघतो म्हणालो. खरं तर ट्रान्सपोर्टवाला माणूस माझ्या शेजारच्याच मजल्यावर बसायचा. त्या आठवड्यात रिलीज होती, मग दिवाळी आली, आणि मी काही विचारलं नाही.

आता त्याच बिर्याणीवर प्लॅटफॉर्म फी लागते, तीही देतो. स्कूटर मात्र परत घेतलेली नाही.